टॉकीज नावाचा पत्ता : पाडलेली चित्रगृहे, स्मरणरंजन आणि रायपूर

१

श्याम टॉकीज, बाबूलाल टॉकीज, राज टॉकीज ही नावे रायपूर शहरातील जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात केवळ चित्रपटाच्या निमित्ताने येत नाहीत. एखादे दुकान कोठे आहे, एखादा नातलग कोणत्या गल्लीत राहतो, हे सांगतानाही ती येतात. शहराचा नकाशा कागदावर एक असतो आणि बोलण्यात दुसरा असतो. या दुसऱ्या नकाशावर चित्रगृह ही खूण देवळाइतकीच पक्की मानली जाते. चित्रगृह बंद पडले, त्याचे गोदाम झाले किंवा ते पाडून तेथे व्यापारी संकुल उभे राहिले, तरी ही खूण लगेच पुसली जात नाही. भारतातील बहुतेक मध्यम शहरांचा हा अनुभव आहे. हा अनुभव हरवलेल्या चित्रगृहांविषयीच्या लेखनाच्या मुळाशी आहे आणि प्रस्तुत विवेचनाचा आरंभही तेथूनच होतो.

'टॉकीज' हा शब्द येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ इंग्रजीत तो बोलणाऱ्या चित्रपटांचा वाचक होता. मराठीने त्या अर्थासाठी 'बोलपट' हा स्वतंत्र शब्द घडविला आणि पडद्यावरील कृतीला तो दिला. विदर्भात आणि छत्तीसगढात 'टॉकीज' हा शब्द मात्र इमारतीला चिकटला. बोलपट मागे पडून 'सिनेमा' आणि 'पिक्चर' रूढ झाले, तरी इमारत टॉकीजच राहिली. १९३१ मध्ये भारतीय पडद्याला वाचा फुटली, त्या घटनेचा ठसा अशा रीतीने एका इमारतवाचक शब्दात टिकून राहिला आहे. 'टॉकीज' म्हणजे जेथे पडदा बोलतो ते ठिकाण. तो पडदा कोणाच्या भाषेत बोलत होता, हा प्रश्न पुढे उपस्थित करावयाचा आहे.

रायपूर आणि महाराष्ट्र यांचा विचार एकत्र करण्यास इतिहासाचा भक्कम आधार आहे. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताचा भाग बनला. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. माधवराव सप्रे यांच्यासारखा मराठीभाषक लेखक १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढतो, पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेतो आणि १९२६ मध्ये रायपुरात देह ठेवतो, हे या दोन भाषिक जगांमधील रहदारीचे ठळक उदाहरण होय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे वेगळे राज्य झाले. राजकीय नकाशावरून सी.पी. अँड बेरार हा प्रांत नाहीसा झाला. चित्रपटव्यवसायाने मात्र तो जपला. चित्रपटांच्या वितरणाचे जे विभाग व्यापारात रूढ आहेत, त्यांत 'सी.पी.–बेरार' हा विभाग प्रांत गेल्यावरही कायम राहिला आणि विदर्भाबरोबर छत्तीसगढही त्यात धरले गेले. या भागातील चित्रपटव्यावसायिकांच्या मध्यवर्ती संघटनेचे मुख्यालय भुसावळला आहे. म्हणजे नागपूर, अमरावती आणि रायपूर येथील प्रेक्षक तीन वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असले, तरी चित्रपटांच्या पेट्या ज्या वाटांनी फिरल्या त्या हिशेबात ते एकाच मुलखाचे रहिवासी होते.

वस्तू नाहीशी होते आणि नाव उरते, ही गोष्ट चित्रगृहाला लागू आहे तशी प्रांतालाही लागू आहे. अशा उरलेल्या नावाभोवती जे लेखन जमते, त्याला मराठीत 'स्मरणरंजन' असे म्हटले जाते. या शब्दात किंचित उपहास आहे. रंजन म्हणजे सत्याशी फारसे देणेघेणे नसलेली गोष्ट, असे त्यातून सुचविले जाते. पाडलेल्या चित्रगृहांच्या गोड आठवणींना इतिहासाचे साधन म्हणून किती किंमत द्यावी, हे ठरविण्यासाठी प्रथम महाराष्ट्रातील दोन चित्रगृहांकडे वळावे लागते आणि मग पुन्हा रायपूरकडे यावे लागते.

२

पुण्याच्या मंडईजवळ गंगाधरपंत उर्फ बापूसाहेब पाठक यांनी १९१५ मध्ये 'आर्यन' हे चित्रगृह सुरू केले. तोवर पुण्यात चित्रपट दाखविले जात ते तंबूत किंवा नाटकगृहात. केवळ चित्रपटासाठी बांधलेली कायम वास्तू म्हणून आर्यनचे स्थान पहिले आहे. मंडई हे शहराचे पोट. भाजी घेण्यास आलेला माणूस आणि चित्रपट पाहण्यास आलेला माणूस या ठिकाणी वेगळा करणे कठीण होते. चित्रगृह वस्तीचे होते, असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असा असतो की, तेथे जाण्यासाठी वेगळे कपडे घालावे लागत नाहीत.

७ फेब्रुवारी १९२० रोजी आर्यनमध्ये बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट प्रथम दाखविला गेला. कोल्हापुरात स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्याने पेंटरांनी तो घेतला होता. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही उपाधी दिली, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यामागची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटेल. 'सैरंध्री'चा आधार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक होते. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कीचकाच्या रूपाने लॉर्ड कर्झनचे दर्शन घडते, असे प्रेक्षकांनी ओळखले तसे सरकारनेही ओळखले आणि १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. रंगमंचावरून हटविलेले कथानक दहा वर्षांनी मंडईजवळच्या पडद्यावर, शब्दांवाचून, परत आले. जे संवाद सरकारला सहन होत नव्हते ते मूकपटात असण्याचा प्रश्न नव्हता. पण प्रेक्षकांना ते पाठ होते. पडदा मुका असला तरी प्रेक्षागृह मुके नव्हते.

मूकपटाच्या काळातील चित्रगृह हे एक प्रकारचे वाचनस्थळ होते, ही बाबही येथे नोंदविली पाहिजे. प्रसंगांच्या मध्ये येणाऱ्या पाट्या एकाहून अधिक भाषांत लिहिलेल्या असत आणि ज्याला वाचता येई तो न येणाऱ्यांसाठी त्या मोठ्याने वाचत असे. साक्षर आणि निरक्षर यांच्यामध्ये मजकुराची अशी देवाणघेवाण दुसऱ्या कोणत्या सार्वजनिक वास्तूत, तिकिटाच्या दरात, रोज घडत होती? कीर्तनात आणि पोथीवाचनात एक वाचणारा व अनेक ऐकणारे असत. चित्रगृहातील वाचणारा मात्र कोणी नेमलेला नसे. शेजारच्या खुर्चीवरचा कोणीही तो होऊ शके. साहित्याच्या इतिहासात या वाचकाची नोंद नाही. ती आढळली तर कोणाच्या तरी आठवणीतच आढळते.

आर्यन १९८३ मध्ये बंद झाले आणि त्याची वास्तू पाडली गेली. आज त्या जागी महापालिकेचे वाहनतळ आहे आणि त्याला 'आर्यन' हेच नाव आहे. 'सैरंध्री'ची प्रतही उपलब्ध नाही. येथे वास्तू आणि कलाकृती दोन्ही नाहीशा झाल्या आहेत. शिल्लक आहेत त्या जाहिराती, काही छायाचित्रे, वृत्तपत्रांतील अभिप्राय आणि आठवणी. चित्रपटाच्या इतिहासकाराला या आठवणी टाळता येत नाहीत, कारण त्या टाळल्या तर त्याच्या हाती फार थोडे उरते.

३

गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमाची कथा याच्याशी समांतर आहे, पण तिचा शेवट वेगळा आहे. १४ मार्च १९३१ रोजी येथे अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट दाखविला गेला. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेल्याची, गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना बोलवावे लागल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या चित्रपटाने भारतीय पडद्याला आवाज दिला त्याचा आवाज कोणालाच ऐकता येत नाही. मॅजेस्टिकही राहिलेले नाही. ते पाडून तेथे व्यापारी संकुल उभारले गेले.

मॅजेस्टिकचे नाव मात्र एका अनपेक्षित वाटेने मराठी साहित्यात शिरले. या चित्रगृहाजवळ केशवराव कोठावळे यांनी पुस्तकविक्रीचा व्यवसाय सुरू केला आणि शेजारच्या चित्रगृहाचे नाव आपल्या दुकानाला दिले. त्यातून पुढे मॅजेस्टिक प्रकाशन उभे राहिले. १९६४ मध्ये 'ललित' हे मासिक निघाले आणि 'मॅजेस्टिक गप्पा' हा वाचक-लेखकांच्या भेटीचा कार्यक्रम रूढ झाला. सिनेमाला येणारा माणूस खेळ सुरू होईपर्यंत पुस्तके चाळतो, हे जाणलेल्या विक्रेत्याची ही दृष्टी होती. मराठी वाचकांच्या पुढील पिढ्यांनी 'मॅजेस्टिक' हा शब्द ऐकला तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. त्यांपैकी अनेकांना हे एका सिनेमाघराचे नाव होते याची कल्पनाही नसेल. साहित्यव्यवहार आणि चित्रपटव्यवहार एकमेकांचे शत्रू आहेत, वाचक प्रेक्षक झाला की साहित्याची हानी होते, असे मराठी समीक्षेत पुष्कळदा गृहीत धरले गेले आहे. गिरगावच्या त्या पदपथावर ही गृहीतके टिकत नाहीत.

आर्यनचे नाव वाहनतळावर राहिले आणि मॅजेस्टिकचे पुस्तकांवर. या दोन उदाहरणांत एक भेद आहे. पहिल्यात नाव जागेला चिकटून राहिले, दुसऱ्यात ते जागा सोडून निघाले. पहिले नाव पत्ता सांगते आणि दुसरे परंपरा सांगते. स्मरणलेखनही याच दोन प्रकारांचे असते.

४

पाडलेल्या चित्रगृहाविषयीचे स्मरणलेखन वाचू लागले की त्याचा साचा लवकरच ध्यानात येतो. आरंभी वडिलांचा किंवा मामाचा हात धरून पाहिलेला पहिला चित्रपट असतो. मग तिकिटाचा दर येतो, तो आण्यांत असेल तर लेखकाला विशेष समाधान वाटते. खिडकीच्या लोखंडी गजांतून आत घातलेली मूठ, पिटातल्या बाकांवरचे ढेकूण, अंधारात विजेरी घेऊन जागा दाखविणारा डोअरकीपर, गाणे सुरू होताच पडद्याकडे भिरकावलेली नाणी, रीळ तुटल्यावर उठलेला शिट्ट्यांचा कल्लोळ, मध्यंतरातील भजी आणि शेंगदाणे हे तपशील येतात. दोन चित्रगृहांत एकच प्रत चालविण्यासाठी सायकलवरून रिळे पळविणारा पोऱ्या येतो. शेवटी चित्रगृहाच्या जागी उभे राहिलेले काचेचे संकुल येते आणि लेख संपतो. शहर बदलले तरी हा क्रम सहसा बदलत नाही.

हा साचा मराठीपुरता मर्यादित नाही. लॅरी मॅकमर्ट्री यांच्या १९६६ च्या 'द लास्ट पिक्चर शो' या कादंबरीत, आणि १९७१ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटात, टेक्सासमधील एका ओसाड होत चाललेल्या गावाचे चित्रगृह बंद पडते. जुझेप्पे तोर्नातोरे यांच्या १९८८ च्या 'सिनेमा पॅरादिसो' या इटालियन चित्रपटात सिसिलीतील गावचे चित्रगृह लोकांच्या डोळ्यांदेखत सुरुंगाने उडविले जाते आणि ते वाहनतळासाठी. पुण्याच्या आर्यनच्या नशिबी हेच त्याआधी काही वर्षे आले होते. इस्तंबूलमधील १९२४ सालचे एमेक हे चित्रगृह २०१३ मध्ये पाडले गेले, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले होते. बाल्यावस्था, गावाचे एकत्र येणे आणि त्या एकत्रपणाचा अस्त या तीन गोष्टी या सर्व कथनांत समान आहेत. समान साचा आढळला म्हणजे अनुभव खोटा ठरतो, असे नाही. शोकगीताचाही साचा असतो आणि त्याच्या आधाराने खरा शोक व्यक्त होतो. पण साचा काही गोष्टी सुलभ करतो तशा काही गोष्टी दडपतो. त्या कोणत्या, हे शोधणे अभ्यासकाचे काम आहे.

स्वेतलाना बॉयम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गतकाळाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक गेलेले घर पुन्हा जसेच्या तसे उभारू पाहतो आणि दुसरा त्या ओढीकडेच विचारपूर्वक पाहतो. मराठी परंपरेत या दुसऱ्या वृत्तीचे उदाहरण शोधायचे तर पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ मधील 'बटाट्याची चाळ'कडे पाहावे लागते. चाळीच्या जिव्हाळ्याबरोबरच चाळीची कोती भांडणे आणि तिथली कुचंबणा तेथे सारख्याच प्रेमाने येतात. चित्रगृहांविषयीच्या आठवणींत ही दुसरी बाजू क्वचित दिसते. तेथे सर्व प्रेक्षक एकाच अंधारात बसलेले असतात आणि अंधारात भेद दिसत नाहीत, असे मानले जाते.

प्रत्यक्षात चित्रगृहाचा अंधार पुरेसा विभागलेला होता. पिट, मधला वर्ग आणि बाल्कनी यांचे दरवाजे वेगळे असत. स्त्रियांसाठी अनेक ठिकाणी वेगळी खिडकी आणि वेगळी बसण्याची जागा असे. घरातील पुरुषाच्या परवानगीवाचून तेथवर पोचू न शकलेल्या स्त्रियांची संख्या कोणी मोजलेली नाही. पैसे देऊन कोणालाही शेजारी बसता येणे ही जातिबद्ध समाजात साधी गोष्ट नव्हती आणि या बाबतीत चित्रगृहाने देवळापेक्षा व पाणवठ्यापेक्षा अधिक मोकळीक दिली, हे मान्यच केले पाहिजे. त्या मोकळिकीच्या मर्यादा कोठे होत्या, हे पाहण्यासाठी मात्र पुन्हा रायपूरला यावे लागते.

५

'आलम आरा'नंतर वर्षभरातच, १९३२ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी भाषा पडद्यावर आणली. चार वर्षांनी आलेला 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सलग ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. मराठी प्रेक्षकाला 'बोलपट' या शब्दाचा अर्थ अशा रीतीने लवकर कळला. पडदा बोलतो आणि तो आपल्यासारखा बोलतो, हा अनुभव त्याला पहिल्याच दशकात मिळाला.

रायपूरच्या प्रेक्षकाची स्थिती वेगळी होती. तेथील टॉकीजमध्ये पडदा हिंदीत बोलत होता. बाजारात, शेतात आणि घराच्या अंगणात छत्तीसगढी बोलली जात होती. शहरात स्थायिक झालेल्या मराठी, बंगाली, गुजराती, तेलुगू कुटुंबांच्या घरी त्यांच्या त्यांच्या भाषा होत्या. या सर्वांना एकत्र बसविणारी भाषा पडद्यावरची हिंदी होती आणि तिचे ते ऋण नाकारता येत नाही. तरीही बहुसंख्य प्रेक्षकांची मायबोली चौतीस वर्षे पडद्यावर आली नाही. ज्या वास्तूचे नावच 'बोलणारी' असे होते, ती गावाच्या बोलीत कधी बोलली नाही.

हे मौन मोडले ते मनु नायक यांच्या 'कहि देबे संदेस' या चित्रपटाने. रायपूर जिल्ह्यात जन्मलेले नायक मुंबईत चित्रपटव्यवसायात उमेदवारी करीत होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी भोजपुरी चित्रपटाला मिळालेले यश पाहून आपल्या भाषेतही चित्रपट व्हावा, या जिद्दीने त्यांनी निर्मिती, लेखन आणि दिग्दर्शन अशी तिहेरी जबाबदारी उचलली. चित्रीकरण रायपूरजवळच्या पलारी गावात झाले. मलय चक्रवर्ती यांच्या संगीतात मोहम्मद रफी, मन्ना डे, सुमन कल्याणपूर यांच्यासारखे मुंबईतील नामवंत गायक छत्तीसगढीत गायिले. कथानक सतनामी आणि ब्राह्मण कुटुंबांतील तरुण-तरुणीच्या प्रेमाचे होते. अस्पृश्यतेविरुद्ध उभ्या राहिलेल्या सतनामी पंथाची भूमी असलेल्या छत्तीसगढात ही कथा परकी नव्हती. ती इतकी जवळची होती की त्यामुळेच ती अडचणीची ठरली.

रायपूरच्या मनोहर टॉकीजमध्ये हा चित्रपट लागणार होता. आंतरजातीय प्रेमाच्या विषयावरून विरोधाचे आवाज उठले, बंदीची मागणी झाली आणि रायपुरातील नियोजित प्रदर्शन रद्द झाले. १६ एप्रिल १९६५ रोजी पहिला छत्तीसगढी चित्रपट प्रदर्शित झाला तो दुर्गच्या प्रभात टॉकीजमध्ये. हा वाद दिल्लीपर्यंत गेला. त्या वेळी माहिती व नभोवाणी खात्याच्या मंत्री असलेल्या इंदिरा गांधी यांनी चित्रपटाचा काही भाग पाहून तो राष्ट्रीय एकात्मतेला पोषक असल्याचा निर्वाळा दिला आणि विरोध मावळला. पुढे चित्रपटाला करमाफी मिळाली आणि तो रायपुरातही, राज टॉकीजमध्ये, दाखविला गेला.

या घटनेची 'सैरंध्री'शी तुलना करून पाहावी. १९१० मध्ये सरकारने बंद केलेले कथानक १९२० मध्ये वस्तीच्या चित्रगृहाने समाजापुढे आणले. तेथे सत्ता एका बाजूला होती आणि चित्रगृह प्रेक्षकांच्या बाजूला. १९६५ मध्ये सरकारने अखेर परवानगीच्या बाजूने कौल दिला, अडथळा समाजातून आला. चित्रगृह ही वस्तीची वास्तू आहे, या विधानाचे दोन्ही अर्थ येथे दिसतात. वस्तीचे धैर्य जसे त्या वास्तूत उतरते तसे वस्तीचे भयही उतरते. जे चित्रगृह शेजाऱ्यांना एकत्र बसविते, ते शेजाऱ्यांच्या रोषाला सर्वांत आधी घाबरते, कारण त्याला तेथेच राहावयाचे असते.

तिन्ही ठिकाणच्या अवशेषांचा हिशेब मांडला तर एक विलक्षण चित्र तयार होते. पुण्यात वास्तू गेली, चित्रपटही गेला आणि पहिल्या खेळाची आठवण मात्र अभिमानाने जपली गेली. गिरगावात वास्तू व चित्रपट दोन्ही गेले आणि नाव पुस्तकांवर उरले. रायपूरच्या बाबतीत चित्रपट शिल्लक आहे, त्याची गाणी आजही ऐकली जातात, पण ज्या पहिल्या खेळाची आठवण सांगावी तो खेळ ठरल्या जागी झालाच नाही. न झालेल्या खेळाची गोड आठवण कोण सांगणार? स्मरणरंजनाच्या साच्यात त्याला जागा नाही. तिकिटाचा दर, डोअरकीपर, मध्यंतरातील भजी यांपैकी काहीही तेथे आठवण्यासारखे नाही.

६

१९७१ मधील 'घर द्वार' या दुसऱ्या प्रयत्नानंतर छत्तीसगढी चित्रपट जवळजवळ तीन दशके थांबला. राज्यस्थापनेच्या तोंडावर, ऑक्टोबर २००० मध्ये, सतीश जैन यांचा 'मोर छइंहा भुइंया' प्रदर्शित झाला आणि त्याला अपूर्व प्रतिसाद मिळाला. तो पाहण्यासाठी लोक गावागावांतून आले ते जुन्या एकपडदा चित्रगृहांत, कारण रायपुरात तोवर दुसरा प्रकार नव्हता. या यशामागे नव्या राज्याचा उत्साह होता, पण तेवढाच नव्हता. आपल्या बोलीत विनोद ऐकून हसणाऱ्या हजारो माणसांना 'टॉकीज' या शब्दाचा अर्थ त्या वर्षी पूर्णपणे कळला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

परंतु काळ अनुकूल नव्हता. दिल्लीत १९९७ मध्ये बहुपडदा चित्रगृहांचे युग सुरू झाले होते. पुढील दशकात ते रायपूरपर्यंत पोचले. दूरदर्शन, व्हिडिओ आणि उपग्रह वाहिन्या यांनी एकपडदा चित्रगृहे आधीच खिळखिळी केली होती. शहराच्या मध्यवस्तीतील जागेची किंमत आणि हजारभर खुर्च्यांच्या निम्म्याही न भरणाऱ्या खेळांचे उत्पन्न यांचा मेळ बसेना. ज्यांची तिकिटे सर्वांत स्वस्त होती त्या प्रेक्षकांची जागा नव्या व्यवस्थेत उरली नाही. गावाची भाषा पडद्यावर आली, त्याच सुमारास गावाच्या खिशाला परवडणारा पडदा मागे हटू लागला. छत्तीसगढी चित्रपटाला ग्रामीण व निमशहरी प्रेक्षकांचा आधार असल्यामुळे हा आघात त्याला विशेष जाणवला. जुन्या टॉकीजसंबंधीचा रायपूरकरांचा शोक केवळ बालपणाचा शोक नाही, त्याला हा भौतिक आधार आहे.

म्हणून स्मरणरंजनाची थट्टा करून चालणार नाही आणि त्यावर विसंबूनही चालणार नाही. चित्रगृहाविषयीची आठवण जेथे वास्तू व कलाकृती दोन्ही नष्ट झाल्या आहेत तेथे एकमेव दस्तऐवज असते. ती गोळा केली पाहिजे. मात्र गोळा करताना प्रश्नांची यादी साच्याच्या बाहेरची असली पाहिजे. पहिला चित्रपट कोणता पाहिला, या प्रश्नाबरोबर कोणता चित्रपट पाहता आला नाही आणि का, हे विचारावे लागेल. बाल्कनीत बसलेल्यांइतकेच पिटात बसलेल्यांना विचारावे लागेल. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या आठवणी कधी लिहिलेल्या नाहीत आणि त्या लिहिल्या जाणार असतील तर त्या हिंदीत किंवा मराठीत सांगितल्या जाणार नाहीत. ऑपरेटर, डोअरकीपर, पोस्टर रंगविणारे, गाण्यांच्या पुस्तिका विकणारे यांची छत्तीसगढीतील निवेदने ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम विद्यापीठांच्या भाषाविभागांनी हाती घेण्यासारखे आहे. चार-आठ पानांच्या त्या पुस्तिका हे लोकप्रिय काव्याच्या प्रसाराचे मोठे साधन होते. परवान्यांच्या नोंदवह्या आणि वृत्तपत्रांतील जाहिराती यांच्याबरोबर त्यांचा संग्रह झाला, तर कोणत्या भाषेतील शब्द कोणत्या वस्तीत कधी पोचले, हे काही प्रमाणात सांगता येईल. ज्या पिढीने १९६५ मध्ये रायपुरातील त्या प्रदर्शनाची वाट पाहिली ती आता वयाच्या उतारावर आहे. या कामाला फार उशीर करता येणार नाही.

मंडईत भाजी घेण्यासाठी आलेली माणसे आर्यन वाहनतळावर गाडी लावतात आणि पुढे जातात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ते नाव कोणाचे हे माहीत असते. तरी ते नाव रोज उच्चारले जाते आणि कोणी विचारलेच तर त्याच्या मागे जाण्याची वाट उघडी आहे. मनोहर टॉकीजमध्ये न झालेल्या खेळाच्या मागे जाण्यासाठी अशी कोणतीही पाटी नाही. ती वाट अभ्यासकांनाच शोधावी लागणार आहे.